स्थानिक समन्वयक

रविकांत राठोडने विद्यापीठातून सुरक्षा आणि जोखीम विश्लेषण या विषयाची पदवी घेतली, तेव्हा तांड्यावर त्याच्याबद्दल दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, पोरगा आता फौजदार होणार. दुसऱ्याचं म्हणणं, सिक्युरिटी म्हणजे सिक्युरिटी. एटीएमच्या दारात खुर्ची टाकून बसणार, आणि एवढ्यासाठी पुण्याला जाऊन शिकायची काही गरज नव्हती. त्याचा बाप हरिसिंग मनातून दुसऱ्या तटाचा होता, पण पोराचं मन राखायचं म्हणून चारचौघांत पहिल्या तटाचं बोलायचा.

रविकांतने समजावून सांगायचा पुष्कळ प्रयत्न केला. कंपन्यांची माणसं कुठं कुठं जातात, तिथं काय वाईट घडू शकतं ते आधीच शोधून लेखी द्यायचं, असं हे काम आहे, असं तो म्हणाला. हरिसिंगने जरा विचार केला.

"म्हंजे अपशकुन सांगाचे," तो म्हणाला.

रविकांतला राग आला. त्याने शक्यता आणि नुकसान यांचा गुणाकार कसा करतात ते सांगायला घेतलं, आणि गुणाकार संपायच्या आत बापाला डुलकी लागली.

खरं सांगायचं तर त्या गुणाकाराच्या प्रेमात तो एकटाच पडला होता. वर्गात प्राध्यापक एक चौकट काढायचे. धोका घडायची शक्यता एका बाजूला, घडला तर होणारं नुकसान दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या घरांत हिरवा, पिवळा, लाल रंग. इतर पोरं पिवळ्यावर भागवायची. रविकांतला लालचं वेड होतं. दुसऱ्या वर्षी दिवाळीला घरी आला तर त्याने घराचीच तपासणी करून टाकली. शिडी लाल, गॅसची टाकी लाल, गोठ्यातली वायर लाल, शेजारच्या केशरबाईचा बोकड लाल. दुसऱ्याच दिवशी बोकडाने त्याला नालीत पाडलं. हसून हसून तांड्याचं पोट दुखलं, पण रविकांतचा मात्र आपल्या विद्येवर विश्वास पक्का बसला.

पुढे वर्गातली पोरं पांगली. कुणी बँकेत खोटे व्यवहार पकडायला बसलं, कुणी विमा कंपनीत गेलं, दोघी संगणकांच्या राखणीला लागल्या, एक जण कारखान्यात हेल्मेट न घालणाऱ्यांच्या मागे फिरू लागला. रविकांतला पुण्यातच एका कंपनीत जागा मिळाली. परदेशी कंपन्यांची माणसं जगभर फिरतात, त्यांना ज्या त्या ठिकाणचे धोके लिहून द्यायचे. मग काय, पाचव्या मजल्यावर बसून रविकांत लागोसमधले मोर्चे मोजू लागला, मनिलाची वादळं पाहू लागला, बोगोटात टॅक्सीत कोणत्या बाजूला बसावं याचे सल्ले देऊ लागला. त्याच्याकडे पासपोर्ट नव्हता. तो स्वतः ऑफिसला मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसून, हेल्मेटशिवाय यायचा.

त्या वर्षी चैत्रात एक जर्मन कंपनी वाशीम जिल्ह्यात हळद पाहायला यायची होती. दोन माणसं, एक दिवस. हळद शिजवणं, वाळवणं पाहायचं, शेतकऱ्यांच्या गटाशी बोलायचं आणि परत. रविकांतच्या वरच्या अधिकारी सुकेशनी मॅडम मूळच्या वाशीमच्याच. त्यांनी त्याला बोलावून सांगितलं की जिल्हा तुझा आहे, अहवाल तू लिही, आणि स्थानिक समन्वयक म्हणून सोबतही तूच जा.

रविकांतला वेगळीच धास्ती पडली. लोक म्हणतील, आपल्या गावाचं म्हणून हातचं राखून लिहिलं. तेव्हा निःपक्षपातीपणा म्हणजे काय ते दाखवायचंच असं ठरवून तो बसला, आणि लागोसवर केली नव्हती एवढी सक्ती त्याने मानोरा तालुक्यावर केली. पोहरादेवीच्या यात्रेची गर्दी, शेलूबाजारजवळच्या हायवेवरचे ट्रक, ऊन, साप, विंचू, आग्या मोहोळ, हळद शिजवायच्या कुकरची वाफ, सगळं आलं. खासगी जीपगाड्या 'अत्यंत धोकादायक, टाळाव्यात' म्हणून आल्या. त्याचा चुलतभाऊ बादल तसलीच एक चालवायचा. केशरबाईचा बोकड 'आक्रमक पाळीव जनावरं' या सदरात नाव न घेता आला. आणि खाण्यापिण्याच्या रकान्यात त्याने लिहिलं: स्थानिक घरांत दिलेलं अन्न व पाणी, धोका मोठा. नम्रपणे नकार द्यावा. फक्त सीलबंद अन्न घ्यावं.

ते लिहिताना भाकरी थापणारी याडी, म्हणजे त्याची आई भुरीबाई, त्याच्या डोळ्यांपुढे आली. एखाद्याने रंग पिवळा केला असता. रविकांतने 'फक्त' या शब्दाखाली रेघ ओढली.

सुकेशनी मॅडमनी विचारलं, जरा जास्तच होत नाही का. त्याने लगेच तीन संदर्भ पाठवले. त्यांनी अहवाल तसाच पुढे पाठवला.

ठरल्या दिवशी सकाळी तो भाड्याची गाडी आणि चालक घेऊन वाशीमच्या हॉटेलवर पाहुण्यांना घ्यायला गेला. हाना नावाची एक तरुण बाई, माल खरेदी करणारी. आणि व्हिल्म नावाचे एक उंच, अबोल गृहस्थ, हळदीचा नुसता वास घेऊन दर्जा सांगणारे. दोघांच्याही हातात त्याचा अहवाल होता आणि त्यात ठिकठिकाणी पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. आजवर त्याचा अहवाल कुणी वाचतं की नाही याचीच त्याला शंका होती. त्या चिठ्ठ्या पाहून त्याची छाती फुगली.

हॉटेलने सीलबंद डब्यांत सँडविच दिले होते, कोंबडीचे, पांढरी चटणी लावलेले. ते बर्फाच्या पेटीत ठेवायचे होते. पण रविकांतला वाटलं, ऊन एवढं, त्यात पाणी कमी पडलं तर काय? त्याने डबे बाहेर काढले, पेटीत पाण्याच्या बाटल्या बसवल्या, आणि डबे गाडीच्या मागच्या काचेपाशी नीट रचून ठेवले. काचेतून ऊन सरळ आत येत होतं. हा धोका त्याच्या अहवालात नव्हता.

पहिलं शेत पाहून दुपारच्या आधी गाडी तांड्यावर आली. हरिसिंगच्या खळ्यात हळद वाळत घातली होती. गटातली माणसं टोप्या घालून आली होती. व्हिल्मसाहेबांनी एक गाठ मोडली, आतला रंग पाहिला, मान हलवली आणि पुन्हा वाकून दुसरी उचलली. हरिसिंगला ते फार आवडलं. भाषा न कळता दोघं बराच वेळ गाठी मोडत उभे राहिले.

भुरीबाई पहाटेपासून चुलीपाशी होती. ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, कढी, आणि पाहुणे म्हणून पुरणाच्या पोळ्या. ओसरीवर सतरंजी अंथरली, ताटं मांडली. हाना सतरंजीवर बसली, ताटाकडे तिने पाहिलं, आणि मग रविकांतला हळूच म्हणाली की दिसतं तर फार छान, पण आमच्या सुरक्षावाल्यांनी सक्त मनाई केली आहे, तर यांचं मन न दुखवता तूच सांग. बोलता बोलता तिने पान उघडून रेघ ओढलेला शब्द दाखवला. तो कुणी लिहिला हे तिला ठाऊक नव्हतं. अहवालाखाली फक्त कंपनीचं नाव होतं.

भुरीबाई पदराला हात पुसत उभी होती. "काय म्हून राह्यली बाई?"

खरं सांगायची ती वेळ होती. रविकांतने धोक्याचं मोजमाप केलं. शक्यता मोठी, नुकसान मोठं.

"याडी, त्यायचा उपास हाय आज," तो म्हणाला.

भुरीबाईच्या चेहऱ्यावर ओशाळेपणा आला. परमुलुखातली माणसं, तरी उपास धरतात, आणि आपण त्यांच्यापुढं भाकरी वाढल्या. तिने ताटं उचलली आणि ती आत गेली. रविकांतने सुटकेचा श्वास सोडला. थोड्या वेळाने आतून शेंगदाणे भाजल्याचा वास यायला लागला. केशरबाईकडून साबुदाणा आला, कुणी केळी आणली, कुणी दही. भुरीबाईने उपासाची खिचडी, भगर आणि दाण्याची आमटी पाहुण्यांपुढं आणून ठेवली.

हानाने पुन्हा रविकांतकडे पाहिलं. तिला कळेना की एकदा नाही म्हटल्यावर दुसरं जेवण कुठून आलं.

"निर्जळी हाय," रविकांत म्हणाला.

आता हरिसिंगला उत्सुकता लागली. कोणत्या देवाचा उपास, ते त्याने विचारलं. रविकांतने हे हानाला इंग्रजीत विचारल्यासारखं केलं, म्हणजे ऊन फार आहे नाही का, असं विचारलं. तिने हो म्हटलं. त्याने बापाला सांगितलं की त्यांचा वेगळा देव आहे.

हे इथंच मिटलं असतं, पण पाहुणे उठून गाडीपाशी गेले. सँडविचचे डबे हाताला गरम लागले म्हणून त्यांनी ते तसेच ठेवले, आणि कडुलिंबाच्या सावलीत उभे राहून बिस्किटं खाल्ली, वर बाटलीतलं पाणी प्याले. सगळा तांडा ओसरीवरून पाहत होता. केशरबाई जवळ जाऊन पाहून आली.

"रविकांत," हरिसिंग म्हणाला, "यायच्या निर्जळीले बिस्कुट चालते काय?"

कुणी हसलं नाही. भुरीबाई ताटं आवरत होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही, आणि रविकांतला तेच जास्त लागलं.

त्याला कडाडून भूक लागली होती. आत वांग्याची भाजी होती. पण हाना गाडीपाशीच उभी होती. आपणच घातलेली बंदी आपणच तिच्यादेखत मोडायची, तर अहवालाला काय अर्थ राहिला? तत्त्व म्हणजे तत्त्व. त्याने सीलबंद डबा उघडला आणि लिंबाखाली उभं राहून कोंबडीचं सँडविच खाल्लं. चव थोडी आंबट होती. परदेशी चटणी अशीच असते असं तो धरून चालला, आणि अन्न वाया नको म्हणून दुसरंही खाल्लं.

तिथून मंडळी लखीरामच्या शेतात गेली. लखीराम हा गटाचा अध्यक्ष. त्याच्याकडे हळद शिजवायचा कुकर चालू होता. पाहुण्यांनी वाफेपासून लांब उभं राहावं म्हणून रविकांत मध्ये दोन्ही हात पसरून उभा होता. त्याच पवित्र्यात त्याला पहिली कळ आली. त्याने ती तत्त्वाच्या जोरावर दाबली. दुसरी दाबली गेली नाही. तो बांधाच्या पलीकडे गेला, परत आला, पुन्हा गेला, आणि तिसऱ्या खेपेला परत येताना त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. वाळत घातलेल्या हळदीतच तो आडवा झाला.

हाना घाबरली, पण गडबडली नाही. तिने अहवालाचं शेवटचं पान काढलं. 'आपत्काळात काय करावं' हे पान रविकांतने फार मन लावून केलं होतं. पहिली पायरी: स्थानिक समन्वयकाला फोन करावा. तिने नंबर लावला.

रविकांतच्या खिशातला फोन वाजला.

सवयीने त्याने उचलला. "रविकांत राठोड बोलतोय."

दहा पावलांवरून हाना त्याच्याकडे पाहत होती. "रविकांत," ती फोनमध्येच म्हणाली, "तू आजारी आहेस."

"हो," तो म्हणाला.

दुसरी पायरी होती पुण्याच्या ऑफिसला कळवणं. व्हिल्मसाहेबांनी तिकडे फोन केला. तिथल्या मुलाने घटना नीट उतरवून घेतली आणि नियमाप्रमाणे खातरजमा करायला स्थानिक समन्वयकाला फोन लावला. हळदीत पडल्या पडल्या रविकांतने तोही उचलला आणि स्थानिक समन्वयकाची प्रकृती खरंच बरी नसल्याला दुजोरा दिला. तिसरी पायरी रुग्णवाहिकेची. तो निर्णय, अहवालात स्पष्ट लिहिल्याप्रमाणे, स्थानिक समन्वयकाने घ्यायचा होता. स्थानिक समन्वयक त्या वेळी ओकत होता.

लखीरामने या पायऱ्या काही वाचल्या नव्हत्या. त्याने बादलला हाक मारली. भाड्याच्या गाडीचा चालक जेवायला गेला होता आणि चावी त्याच्याकडेच होती, म्हणून बादलने आपली जीप सरळ शेतात घातली. मागे रविकांतला आडवं घेतलं, हाना आणि व्हिल्मसाहेबही बसले. लखीरामने फोन करून ठेवला होता, त्यामुळे वाटेत तांड्यावर भुरीबाई चढली, हातात मीठ-साखरेच्या पाण्याचा तांब्या आणि काखेत फडक्यात बांधलेलं काहीतरी. हाना आणि व्हिल्मसाहेबही बसले. अत्यंत धोकादायक म्हणून लिहिलेल्या जीपमध्ये त्याचे दोन्ही ग्राहक टपाची दांडी धरून बसले होते, आणि व्हिल्मसाहेबांच्या मांडीवर त्याचे पाय होते. तो डोळे मिटून पडून राहिला. शुद्ध होती, पण ती दाखवायची हिंमत नव्हती.

मानोऱ्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी काय खाल्लं ते विचारलं. हानाने सांगितलं. डॉक्टरांनी सलाईन लावली, उन्हात तापलेलं असलं काही खाऊ नये असं सांगितलं आणि पेशंटचा व्यवसाय विचारला. रविकांत म्हणाला, खासगी नोकरी.

संध्याकाळपर्यंत थांबायचं होतं. बाहेरच्या बाकावर भुरीबाईने फडकं सोडलं. हाना सकाळपासून बिस्किटांवर होती. तिने अहवालाकडे पाहिलं नाही, भुरीबाईकडेही विचारणा केली नाही, सरळ भाकरीचा तुकडा मोडला. व्हिल्मसाहेबांनी पोळ्या संपवल्या. रविकांतला हे खिडकीतून दिसत होतं. त्याला स्वतःला डॉक्टरांनी नुसतं पाणी सांगितलं होतं.

मग भुरीबाई आत येऊन त्याच्या खाटेपाशी बसली. त्याला आता ओझं सहन होईना.

"याडी, तो कागद मीच लिवला व्हता," तो म्हणाला. "घरचं खाऊ नका म्हून."

"वाच बरं," ती म्हणाली.

त्याने फोनवर काढून वाचलं, जसंच्या तसं मराठीत करून. भुरीबाईने नीट ऐकलं.

"नम्रपणे म्हंजे काय?"

"म्हंजे समोरच्याले वाईट नाई वाटलं पाहिजे, असं."

"ते बाई तशीच बोलली," भुरीबाई म्हणाली. "लिवलं त लिवलं. तुहं काम हाय थे. मले उपासाचं काहून सांगतलं? मी त्या बाईच्या उपासापाई केशरबाईच्या घरी साबुदाणा मांगाले गेली."

विद्यापीठात खोटं पकडायचे तास होते; त्यात आपलं कसं पकडावं ते नव्हतं. तो म्हणाला, चुकलं. भुरीबाई सलाईनच्या बाटलीकडे बघत म्हणाली की ही संपत आली, नर्सले सांगून येते.

पुण्याला परतल्यावर त्याला घटनेचा अहवाल लिहावा लागला. लिहावंसं वाटत होतं ते सगळं दुसऱ्यावर ढकलणारं होतं, हॉटेल, ऊन, चटणी. दोनदा तसं लिहूनही पाहिलं. मग त्याने डबे पेटीतून कुणी काढले, सगळे फोन एकाच माणसाच्या खिशात कुणी आणून सोडले, हे नावानिशी लिहिलं आणि सुकेशनी मॅडमकडे पाठवलं. नोकरी जाईल याची शक्यता त्याने मोठी धरली होती.

मॅडमनी बोलावलं. वाचताना त्यांचे खांदे हलत होते. एरवी त्या ऑफिसात शुद्ध बोलायच्या.

"खिशातला फोन उचलला कायले तू?" त्यांनी विचारलं.

"वाजला म्हणून, मॅडम."

त्या हसत सुटल्या. डोळे पुसायला त्यांना रुमाल काढावा लागला. मग गंभीर होऊन म्हणाल्या की तो पहिला अहवाल मी थांबवायला हवा होता, ती चूक माझी. नोकरी गेली नाही. गेली ती अब्रू. नव्या मुलांच्या प्रशिक्षणात ही घटना आता पहिल्याच दिवशी शिकवतात, आणि शिकवायला रविकांतलाच उभं करतात. तो 'एक कर्मचारी' असं म्हणून सुरुवात करतो. अर्ध्यावर कुणीतरी नाव विचारतं.

जर्मन कंपनीने हळद घेतली, ती व्हिल्मसाहेबांच्या नाकामुळे. हानाने भुरीबाईसाठी एक डबाभर बिस्किटं पाठवली; ती कुणाच्या उपासाची, असं केशरबाईने विचारल्याचं हरिसिंगने फोनवर मुद्दाम कळवलं.

पावसाळ्यात रविकांतकडे केनियातल्या एका लहान गावाचं काम आलं. पूर्वी त्याने इंटरनेटवर पाहून दुपारपर्यंत रंग भरून टाकले असते. या वेळी त्याने तिथल्या एका लहानशा हॉटेलचा नंबर शोधला आणि फोन केला. आपण भारतातून बोलतोय आणि तुमच्या गावात काय काय वाईट घडू शकतं ते जाणून घ्यायचं आहे, असं त्याने विचारलं. पलीकडच्या माणसाने फोन ठेवून दिला. त्याच्या जागी रविकांत असता तर त्यानेही तेच केलं असतं.

दुसऱ्या खेपेला त्याने आधी स्वतःचं नाव-गाव सांगितलं. मग तो माणूस बोलू लागला. नदीवरचा जुना पूल पावसात कसा भरवशाचा नसतो, ट्रकवाले कोणत्या वळणावर झोपतात, सगळं त्याने सांगितलं. मग त्याने विचारलं, तुमचा भाग कसा आहे? रविकांतने हळद कशी शिजवतात ते सांगायला घेतलं. तो माणूसही शेतकऱ्याचाच मुलगा निघाला. वाळवताना पाऊस आला तर काय करता, असं त्याने विचारलं. बोलण्याच्या नादात दवाखाना कुठं आहे ते विचारायचं राहूनच गेलं. रविकांतला दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करावा लागला.